अवघड जागेचं दुखणं

अवघड जागी दुखणं आणि जावई वैद्य, अशी आपल्याकडे एक म्हण आहे. ती ऐकली की माणसं हसतात. मीही हसायचो. मग ती वेळ माझ्यावरच आली. माझा जावई वैद्य नाही, तो बार्शीत आडतीवर हिशेब लिहितो. पण डॉक्टरांच्या खोलीत माझ्या शेजारी मुलगा बसला होता, आणि तेवढं पुरेसं होतं.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. माझं वय तेव्हा चोपन्न. रात्री तीन-चारदा लघवीला उठावं लागायचं. वयानं होतं, असं म्हणून वर्ष काढलं. शेवटी रक्ताची पीएसए नावाची तपासणी झाली, मग तुकडा काढून तपासला आणि निदान झालं, प्रोस्टेटचा कर्करोग. रोग ग्रंथीच्या बाहेर गेलेला नव्हता, हे नशीब. शस्त्रक्रिया ठरली. डॉक्टर म्हणाले, "रक्तस्राव होऊ शकतो. लघवीवरचा ताबा काही महिने सुटतो. आणि पती-पत्नीच्या संबंधांवर परिणाम होईल. त्याबद्दल काही विचारायचंय का?"

मुलगा छताच्या पंख्याकडे बघायला लागला. मी विचारलं, "घरी कधी सोडाल?"

डॉक्टरांनी सांगण्यात कसूर केली नाही, मी ऐकण्यात केली. तो एक प्रश्न न विचारल्याची किंमत आम्ही नवरा-बायकोनं पुढे आठ महिने मोजली. म्हणून आज त्याच विषयावर बोलायचं ठरवलंय. रेडिओ घरात सगळ्यांसमोर लागतो, लेकीसुना ऐकतात, हे मला ठाऊक आहे. तेव्हा जपून बोलेन, पण गोलगोल बोलणार नाही.

आधी शरीराचं सांगतो. प्रोस्टेट ही अक्रोडाएवढी ग्रंथी. ती मूत्राशयाच्या खाली असते आणि लघवीची नळी तिच्या मधून जाते. मराठीत तिला कुणी पौरुषग्रंथी असं नाव दिलं आणि त्या नावानं निम्मा घोळ केला. त्या ग्रंथीत पौरुष नसतं. वीर्यातला काही पातळ द्रव तिथे तयार होतो, तिचं मुख्य काम तेच. दाढी-मिशी, आवाज, इच्छा यांच्यामागचं संप्रेरक मुख्यतः वृषणांत तयार होतं. प्रोस्टेट काढली म्हणून माणसाच्या मनातलं काही काढून घेतलं जात नाही.

मग अडतं कुठे? या ग्रंथीच्या दोन्ही अंगांना चिकटून बारीक नसा जातात. लिंगात रक्त भरून ताठरता यावी, हा निरोप त्या नसांतून जातो. पूर्वी शस्त्रक्रियेत त्या हमखास कापल्या जायच्या, कारण त्या नेमक्या कुठून जातात हेच नीट माहीत नव्हतं. हॉलंडचे डॉक्टर डोंकर आणि अमेरिकेचे डॉक्टर वॉल्श यांनी १९८१ साली त्यांचा मार्ग शोधला, आणि १९८२ मध्ये वॉल्श यांनी नसा जपून शस्त्रक्रिया करून दाखवली. तरी एक लक्षात ठेवा. नस जपली म्हणजे ती ठणठणीत राहिली असं नाही. ती ताणली जाते, दुखावते. तिला सावरायला सहा महिन्यांपासून दोन वर्षं लागतात, कधी त्याहून जास्त. काहींची नस पुरती सावरतच नाही. आणि रोगच नसांपर्यंत गेला असेल, तर त्या जपण्याचा हट्ट धरणं जिवावर बेतू शकतं.

किरणोपचार घेतलेल्यांचं वेगळं असतं. त्यांना सुरुवातीला काही जाणवत नाही, पुढच्या दोन-तीन वर्षांत हळूहळू फरक पडत जातो. तिसरा उपचार संप्रेरकांचा. पुरुषी संप्रेरक थांबवलं की हा रोग माघार घेतो, हे चार्ल्स हगिन्स यांनी १९४१ साली दाखवलं, त्यासाठी त्यांना १९६६ चं नोबेल मिळालं. रोग पसरलेला असेल तेव्हा हा उपचार आयुष्य वाढवतो. पण त्यात इच्छाच मावळते. अशा माणसानं, आणि त्याच्या पत्नीनंही, प्रेम आटलं असा अर्थ काढू नये. ते औषधाचं काम आहे.

आता माझं सांगतो. शस्त्रक्रिया चांगली झाली. लंगोटासारखं पॅड बांधून फिरण्याचे दिवसही सरले. थेंब गळत असताना नमाज कशी पढायची, हा प्रश्न मौलवीसाहेबांना विचारायलाच मी दोन महिने लावले. त्यांनी एका मिनिटात सांगितलं, ज्याचा ताबा नाही त्याला सवलत आहे, प्रत्येक नमाजेच्या वेळेला नव्यानं वजू करा. इतकं सोपं होतं. पण दुसरा प्रश्न मी कुणालाच विचारला नाही. मी घोरतो, तुझी झोपमोड होते, असं बायकोला सांगून बिछाना बाहेरच्या खोलीत टाकला.

कविसंमेलनांना जाणंही बंद केलं. प्रेमाची गझल म्हणायला उभा राहिलो की आपण लोकांना फसवतोय असं वाटायचं.

आणि वेडेपणाही केला. एसटी स्टँडच्या मुतारीच्या भिंतीवर 'निराश होऊ नका' म्हणणारी जाहिरात असते ना, तसल्याच एका ठिकाणाहून एक डबी आणली. जडीबुटी म्हणून. नशिबानं ती उघडली नाही. पुढे डॉक्टरांना दाखवली तेव्हा ते म्हणाले, "यात काय आहे ते यावर लिहिलेलंच नाही." वनौषधी म्हणून विकल्या जाणाऱ्या अशा बऱ्याच मालात सिल्डेनाफिल हे रासायनिक औषध न सांगता मिसळलेलं असतं, हे अमेरिकेच्या औषध प्रशासनाला वारंवार आढळलं आहे. छातीत कळ आली की जिभेखाली नायट्रेटची गोळी ठेवणाऱ्या हृदयरोग्यानं असं काही घेतलं, तर रक्तदाब एकदम कोसळून जीव जाऊ शकतो.

आठ महिन्यांनी एका रात्री बायको बाहेरच्या खोलीत येऊन बसली. घरात आम्ही दखनी बोलतो. ती म्हणाली, "मेरा कुछ चुक्या क्या?" म्हणजे, माझं काही चुकलं का?

मी मराठीत कविता लिहितो, घरात दखनी बोलतो, उर्दू वाचतो. त्या रात्री तिन्ही भाषांत शब्द शोधला. नामर्द, नपुंसक, षंढ. सगळ्या शिव्या. कर्करोगाला शब्द आहे, मधुमेहाला आहे, पण माणसाच्या या दुखण्याला आपल्या भाषांनी शिवीशिवाय काही ठेवलेलं नाही. शब्दच नसेल तर माणूस बोलणार काय? शेवटी मी एवढंच म्हणालो, "अंग साथ देत नाही." ती बराच वेळ रडली. मला वाटलं, माझ्या दुखण्यासाठी रडतेय. तसं नव्हतं. ती म्हणाली, "मला वाटलं तुमचा रोग परत आलाय आणि तुम्ही लपवताय."

बघा, मी माझी लाज लपवत होतो, आणि ती आठ महिने माझं मरण डोळ्यांसमोर घेऊन झोपत होती.

बार्शीच्या माणसाला कर्करोग हा शब्द नवा नाही. इथल्या नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालयात दूरदूरच्या गावांतून माणसं येतात. खेड्यापाड्यांतल्या कर्करोगाची देशातली पहिली नोंदणी १९८७ साली बार्शीतच सुरू झाली, बार्शी, परंडा आणि भूम या तीन तालुक्यांसाठी. लोक आपणहून दवाखान्यात येत नाहीत, म्हणून नोंदणीची माणसं गावोगाव जाऊन विचारपूस करू लागली. पुढे तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा मोठा अभ्यास झाला. त्यात १,३१,७४६ बायका होत्या, तीस ते एकोणसाठ वर्षांच्या. एकदाच केलेल्या एचपीव्ही तपासणीनं या रोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले, हे २००९ साली जगापुढे मांडलं गेलं. मला यातल्या आकड्यांपेक्षा त्या बायकांचं जास्त वाटतं. 'अंगावरून जातं' एवढंसुद्धा सासूला सांगायची ज्यांना चोरी, त्या शेतातलं काम टाकून तपासणीला आल्या, कारण कुणीतरी त्यांच्या दारात जाऊन त्यांच्या शब्दांत विचारलं. मग आपण पुरुषांनीच तोंडाला कुलूप का लावावं?

बोलण्याची परंपरा आपल्याकडे नाही असंही नाही. र. धों. कर्वे यांनी १९२७ मध्ये 'समाजस्वास्थ्य' मासिक काढलं आणि १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत ते चालवलं. लैंगिक अडचणींबद्दल वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांना ते सरळ उत्तरं द्यायचे. त्याबद्दल त्यांच्यावर खटले झाले. १९३४ च्या खटल्यात त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली. कर्वे खटला हरले, दंड भरला आणि पुन्हा लिहायला बसले. इतकं सोसून उघडून दिलेली वाट आपण गवत वाढू देऊन बुजवली.

असो. आम्ही दोघं डॉक्टरांकडे गेलो. मुलाला घरी ठेवलं. त्यांनी जे सांगितलं ते थोडक्यात सांगतो.

पहिली गोष्ट, स्पर्शाची जाणीव वेगळ्या नसेकडे असते. त्यामुळे ताठरता नसली तरी सुखाची परिसीमा अनुभवता येऊ शकते. वीर्य मात्र येत नाही, कारण प्रोस्टेटबरोबर वीर्याच्या पिशव्याही काढलेल्या असतात. ज्यांना अजून मूल हवं आहे त्यांनी शस्त्रक्रियेआधीच वीर्य साठवून ठेवण्याबद्दल विचारावं. दुसरी गोष्ट, हा कर्करोग जवळ आल्यानं पत्नीला लागत नाही. बाहेरून यंत्रानं दिलेले किरणही रुग्णाच्या अंगात राहत नाहीत.

उपायांत पहिली येते गोळी. सिल्डेनाफिल १९९८ साली आलं, आता आपल्याकडे त्याच्या स्वस्त गोळ्या मिळतात. ही गोळी इच्छा निर्माण करत नाही, फक्त रक्ताची वाट मोकळी करते. नस निरोपच देत नसेल तर तिचा उपयोग कमी. म्हणून पहिल्या वर्षात गोळी लागू पडली नाही तर खचून जाऊ नये, पुढे लागू पडू शकते. नायट्रेट घेणाऱ्यांनी मात्र तिच्या वाटेला जाऊ नये, आणि बाकीच्यांनीही डॉक्टरांना विचारूनच घ्यावी.

दुसरा उपाय हवा ओढणारा पंप. नळीतली हवा काढली की लिंगात रक्त येतं, मग बुडाशी रबराचं कडं चढवायचं. ते अर्ध्या तासाच्या आत काढायचं. दिसायला ओबडधोबड, पण नस सावरलेली नसली तरी चालतो. तिसरा उपाय इंजेक्शनचा. बारीक सुईनं औषध लिंगाच्या बाजूला टोचायचं, डॉक्टरांकडून शिकून. ऐकून अंगावर काटा येतो, पण वापरणारे सांगतात की दुखणं फारसं नसतं. चार तासांनंतरही ताठरता उतरली नाही तर थेट रुग्णालय गाठायचं. चौथा उपाय शस्त्रक्रियेनं आत बसवायच्या सळयांचा. मुंबईचे डॉक्टर रुपिन शहा यांनी आपल्या देशात बनणारा असा सळीचा प्रकार तयार केला आहे. नस सावरायला पुरेसा वेळ देऊन मगच त्याचा विचार करतात, कारण तो कायमचा उपाय आहे.

नस लवकर सावरावी म्हणून गोळी किंवा पंप लगेच सुरू करावा का, यावर डॉक्टरांमध्ये एकमत नाही. तंबाखू सोडावी, साखर ताब्यात ठेवावी, चालावं, यावर आहे.

आता तुम्ही विचाराल, तुमचं पूर्वीसारखं झालं का? नाही. पंप पहिल्यांदा घरी आणला तेव्हा आम्ही दोघं तो खोक्यातून काढून इतके हसलो, की सून दारापर्यंत येऊन परत गेली. कधी गोळी काम करते, कधी करत नाही. करत नाही तेव्हा आम्ही गप्पा मारतो. बिछाना आत आला तो आतच राहिला.

ज्यांची शस्त्रक्रिया व्हायची आहे त्यांना माझं सांगणं आहे, मुलाला दोन मिनिटं बाहेर बसवा, पत्नीला आत घ्या आणि तीन प्रश्न विचारा. माझ्या नसा वाचवता येतील का? आधी होतं तसं पुन्हा किती दिवसांनी होईल, की होणार नाही? आणि नाही झालं तर काय उपाय आहेत? एखादा डॉक्टर म्हणाला, "आता या वयात काय करायचंय?" तर रागावू नका, दुसऱ्या डॉक्टरांना विचारा. मूत्ररोगतज्ज्ञ रोज हे ऐकतात, त्यांना त्यात नवल वाटत नाही.

आणि ज्यांची शस्त्रक्रिया होऊन गेली आहे, घोरण्याचं निमित्त करून जे बाहेरच्या खोलीत झोपतात, त्यांनी आज रात्री बिछाना आत न्यावा. शब्द सुचले नाहीत तर माझे घ्या. "अंग साथ देत नाही, पण मी तुझ्यापासून दूर गेलेलो नाही." एवढं बोललात तरी ती निवांत झोपेल.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)