समजून घ्या : वर्गात विविधता असली की नवा विद्यार्थी लवकर रुळतो का?

परळ-भोईवाड्यात दहा मिनिटं चाललात तरी तीन-चार भाषा कानावर पडतात. गिरण्यांसाठी कोकणातून आणि घाटावरून आलेली कुटुंबं इथलीच झाली. टाटा आणि केईएम रुग्णालयांमुळे देशभरातली माणसं आजही येतात. पालकांच्या कामामुळे किंवा घरातल्या कुणाच्या उपचारांमुळे एखादं मूल मध्येच इथल्या शाळेत आलं, तर मिश्र वर्ग त्याला सांभाळून घेतो का?

मिश्र वर्गाचा फायदा काय?

सगळे एकाच भाषेचे, एकाच भागातले असले की नवा मुलगा एकटाच वेगळा दिसतो. वर्गात पाच गावांची मुलं असली, तर त्याच्या बोलण्याची किंवा डब्याची टिंगल होण्याची शक्यता कमी. शिवाय त्याची भाषा समजणारं कुणीतरी भेटतं.

मग नुसतं एकत्र बसवलं की झालं?

नाही. परळच्या डबक चाळीत राहणारे डॉ. बाबासाहेब आंबेडकर एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये शिकले आणि 1907 मध्ये मॅट्रिक झाले. शाळा सरकारी होती. तरीही ते फळ्याकडे निघाले, तेव्हा फळ्यामागे ठेवलेले डबे 'विटाळतील' म्हणून मुलांनी ते हलवले. संस्कृत शिकू न दिल्यानं त्यांना फारसी घ्यावी लागली. वर्ग एक होता, वागणूक एक नव्हती.

अभ्यास काय सांगतो?

2007 पासून दिल्लीतल्या अनेक खासगी शाळांना गरीब मुलांना प्रवेश द्यावा लागला. अर्थतज्ज्ञ गौतम राव यांनी त्याचा परिणाम तपासला आणि 2019 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. गरीब वर्गमित्र असलेली श्रीमंत मुलं जास्त मदतशील आणि कमी भेदभाव करणारी दिसली. हा बदल मुख्यतः प्रत्यक्ष संपर्कातून, म्हणजे एका गटात बसून अभ्यास केल्यानं झाला.

अमेरिकेत ऑस्टिन शहरात 1971 मध्ये एलियट अ‍ॅरन्सन यांनी 'जिगसॉ' पद्धत वापरली. धड्याचे भाग करून गटातल्या प्रत्येकाला एकेक भाग द्यायचा. मग नव्या मुलाचं ऐकल्याशिवाय कुणाचाच धडा पूर्ण होत नाही.

मुंबईत अडचण कुठे?

महापालिकेच्या शाळा मराठी, हिंदी, उर्दू, इंग्रजी, गुजराती, तमीळ, तेलुगू आणि कन्नड अशा आठ माध्यमांत चालतात. मातृभाषेत शिकता येणं ही मोठी सोय आहे. पण एकाच इमारतीत दोन-तीन माध्यमं असली, तरी मुलं वेगवेगळ्या वर्गांत बसतात. म्हणजे विविधता इमारतीत आहे, बाकावर नाही. खेळ, प्रार्थना आणि स्नेहसंमेलन एकत्र घेतलं तर ही भिंत ओलांडता येते.

पालकांना काय माहीत हवं?

1 एप्रिल 2010 पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्यानुसार (6 ते 14 वर्षं वयोगट) :

• शाळा सोडल्याचा दाखला यायला उशीर झाला म्हणून सरकारी किंवा अनुदानित शाळा प्रवेश अडवू शकत नाही.
• वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही.
• कधीच शाळेत न गेलेल्या किंवा शाळा सुटलेल्या मुलाला वयानुसार वर्ग मिळतो आणि मागे राहिलेला अभ्यास भरून काढण्यासाठी विशेष प्रशिक्षणाचा हक्कही.

प्रवेश घेताना वर्गशिक्षकांना एवढं नक्की विचारा : माझ्या मुलाला कुणाशेजारी बसवणार आणि कोणत्या गटात घेणार?