गंजलेला लायनर लगेच बोरिंगला टाकू नका

सोलापूरकडे पावसाचा जोर सप्टेंबरात, म्हणून विहिरीवरचं डिझेल इंजिन नेमकं दमट दिवसांतच बंद पडून असतं. त्यातही ते व्हॉल्व्ह उघडा राहील अशा जागी थांबलं, तर ओलसर हवा थेट सिलिंडरमध्ये शिरते आणि लायनरच्या बिडाच्या भिंतीवर तांबूस थर चढतो. हेड उघडून तो पाहिला की बोरिंगचा सल्ला मिळतो. घाई कशाला? बोरिंग म्हणजे चांगलं बीडही कापणं आणि वर ओव्हरसाइज पिस्टन-रिंगांचा खर्च. आधी डिझेल किंवा पातळ ऑईल लावून रात्रभर मुरू द्या, मग बारीक स्टील वुलने हलक्या हाताने, गोल आणि तिरकं घासा. होनिंगच्या तिरक्या जाळीदार रेषा पुन्हा दिसल्या आणि नख कुठे अडकलं नाही, तर गंज वरवरचाच होता. नख अडकलं तर मात्र तो खड्डा आहे; तो रिंगच्या फिरण्याच्या पट्ट्यात असेल, तर गेजने माप घेऊन बोरिंग किंवा नवा लायनर, हे मलाही मान्य.

"इंजिन चालू करा, रिंगाच साफ करतील," असंही सांगतात. पण सुटलेला गंज खरवडणारी भुकटीच असतो. तो रिंगा झिजवतो आणि ऑईलमध्ये उतरतो. गंज काढायला ॲसिडही नको; ते गंजासोबत बीडही खातं, शिवाय धुतल्यावर भिंत लगेच पुन्हा तांबूस होते. घासून झाल्यावर साबणाच्या कोमट पाण्याने धुवा, लगेच कोरडं करा आणि ऑईल लावलेलं पांढरं फडकं स्वच्छ निघेपर्यंत पुसा. पुढच्या वेळी इंजिन ठेवताना सिलिंडरमध्ये थोडं ऑईल सोडून, दोन्ही व्हॉल्व्ह बंद राहतील अशा कॉम्प्रेशनच्या जागी फ्लायव्हील थांबवा.