अडीच म्हणजे तिसरा अर्धा
(शब्दांचे हिशेब : लेखांक ६)

इंग्रजी शिकणाऱ्या पोराला फोर्थ, फिफ्थ, सिक्स्थ एकदा जमलं की ते ‘वन्थ’ आणि ‘टूथ’ म्हणायला मोकळं होतं. त्याचं तर्कशास्त्र चोख असतं, खोड भाषेची असते. आपल्याकडेही पाचाचा पाचवा आणि सहाचा सहावा होतो, पण एकाचा ‘एकवा’ काही होत नाही.

कारण पहिला हा मुळात आकड्यातून आलेलाच नाही. तो ‘प्रथम’मधून आला, आणि त्यातला ‘प्र’ म्हणजे पुढे. सगळ्यांत पुढचा तो प्रथम. इंग्रजी ‘फर्स्ट’ही तसाच, सर्वांत पुढचा, भाषाशास्त्रज्ञ दोन्ही शब्द एकाच मुळाशी नेतात. ‘सेकंड’ मात्र इंग्रजीत बाहेरून आला. मूळ लॅटिन, अर्थ ‘मागोमाग येणारा’, आणि आला फ्रेंचचं बोट धरून, इ.स. १३००च्या सुमारास. त्याआधी दुसऱ्याला इंग्रज ‘अदर’ म्हणत. दिवसाआड म्हणजे ‘एव्हरी अदर डे’, त्यात तो जुना अर्थ अजून टिकून आहे. इंग्रजीने दोन कामांना दोन शब्द नेमले. आपला दुसरा दोन्ही कामं एकटा करतो : वर्गात दुसरा आलेला आणि ‘दुसरं कोणीतरी बघा’ यांतला शब्द एकच.

आता या जुन्या ‘अदर’ची गंमत. प्राचीन इंग्रजीत ‘अदर हाफ’ म्हणजे दीड आणि ‘थर्ड हाफ’ म्हणजे अडीच. विचित्र वाटतं, पण हिशेब सरळ आहे : दोन पूर्ण झाले, तिसरा निम्माच झाला. जर्मनमध्ये दीडाला अजून ‘आन्डर्टहाल्ब’ म्हणतात, शब्दशः ‘दुसरा अर्धा’. रोमनांचं ‘सेस्टर्शियस’ नाणं अडीच ‘अ‍ॅस’चं, म्हणून त्याचं नावच ‘तिसरा अर्धा’. डॅनिश लोकांनी तर कमाल केली. त्यांचा पन्नासाचा शब्द ‘हाल्वट्रेस’ म्हणजे अडीच विसा, आणि त्यातही तिसरा अर्धाच दडलेला.

आणि आपला अडीच? संस्कृत ‘अर्धतृतीय’, प्राकृतात ‘अड्ढाइज्ज’, मग अडीच. तिसरा अर्धाच की! दीड तसाच ‘द्व्यर्ध’मधून. साडेतीनलाही असा शब्द होता, ‘अर्धचतुर्थ’मधून आलेला औट. पूर्वी शाळेत पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी यांच्या जोडीला औटकी पाठ करावी लागे : औट दुणे सात, औट त्रिक साडेदहा. आता तो उरला ‘औट घटकेचं राज्य’ यात. घटका २४ मिनिटांची, तेव्हा हे राज्य ८४ मिनिटांचं. बाकी सगळीकडे साडेतीन. कोजागिरीला सोलापुराहून तुळजापूरला चालत जाणारा भक्त साडेतीन शक्तिपीठांपैकी एका पूर्ण पीठाकडे निघालेला असतो. अर्धं ते वणीचं.

साडे म्हणजे ‘सार्ध’, अर्ध्यासह. ही साधी बेरीज. म्हणून तीनपासून पुढे साडे कुठेही लागतो, पण साडेएक आणि साडेदोन कोणी म्हणत नाही. त्या जागा दीड-अडीचने आधीच धरून ठेवल्या आहेत.

मोजण्याच्या या दोन रीतींची पारख करायला सोलापूरसारखं गाव नाही. कन्ना चौकाच्या बाजूला विणकरांची तेलुगू, अक्कलकोटकडून येणाऱ्यांची कानडी आणि सगळ्यांची मिळून मराठी. मराठीतला अडीच किलोचा गिऱ्हाईक कानडीत ‘एरडूवरे’ मागतो, तेलुगूत ‘रेंडुन्नर’. दोन्हींचा अर्थ दोन आणि अर्धा. तिसऱ्याचा तिथे पत्ताच नाही. पाऊण घ्या. आपला शब्द ‘पादोन’मधून आला, म्हणजे पूर्णाला पाव कमी. कानडी ‘मुक्कालु’ आणि तेलुगू ‘मुप्पावु’ म्हणजे चक्क तीन पाव. तराजूत माल तेवढाच. आपण मोजताना जे अजून आलेलं नाही त्याच्याकडे बघून बोलतो, शेजारी हातात आलेलं मोजतात. मला शेजाऱ्यांची रीत अधिक व्यवहारी वाटते, पण पाऊणशे आणि पावणेदोनशे एका दमात म्हणण्याची सोय काही सोडवत नाही.

एका बाबतीत मात्र एकमत आहे. पाव हा ‘पाद’मधून आला, म्हणजे पाय. चार पायांच्या जनावराचा एक पाय तो चौथा हिस्सा. कानडीत पावाला ‘कालु’ म्हणतात, आणि पायालाही कालुच.

राहता राहिला इंग्रजीचा एक घोळ : ‘फोर्थ’ म्हणजे चौथा की चौथा हिस्सा? दोन्ही. ‘क्वार्टर’ही लॅटिनमधल्या ‘चौथा’वरूनच आलेला. मुलं इथे गोंधळतात, पण मराठीला हे परकं नव्हतं. द्वितीयेची बीज झाली, ती भाऊबीजेत आणि तुकाराम बीजेत राहिली. तशीच चतुर्थीची चौथ झाली, आणि महसुलाच्या चौथ्या हिश्शालाही चौथच म्हणू लागले. १७१९ साली बाळाजी विश्वनाथांनी दिल्लीहून दख्खनच्या सहा सुभ्यांच्या ज्या सनदा आणल्या, त्यांत चौथाई होती, शिवाय सरदेशमुखीचा दहावा हिस्सा. तिथी आणि वसुली या दोन चौथींची त्या काळच्या कारकुनाने गल्लत केली असेल असं वाटत नाही. संदर्भ पुरेसा असतो.