हुकूमशाही गेली, पेपर मोकळे झाले. पण अर्जेंटिनात खरं छापून यायला एवढी वर्षं का लागली?

'अर्जेंटिना, १९८५' हा सिनेमा बऱ्याच जणांनी ओटीटीवर पाहिला असेल. लष्करशहांना कोर्टात उभं करणाऱ्या खटल्याची ती गोष्ट. पण हा खटला चालू असताना तिथल्या लोकांना टीव्हीवर काय दिसत होतं? रोज साधारण तीन मिनिटं, आणि तीही आवाजाशिवाय.

आधी थोडी पार्श्वभूमी. मार्च १९७६ मध्ये लष्कराने सत्ता घेतली ती १९८३ पर्यंत. या काळात हजारो लोकांना उचलून नेलं आणि ते परत आलेच नाहीत. १९७७ पासून त्यांच्या आया दर गुरुवारी राजधानीतल्या चौकात फेऱ्या मारायच्या, पण बहुतेक पेपर गप्प होते. 'ब्युनोस आयर्स हेरल्ड' हा छोटा इंग्रजी पेपर मात्र बेपत्ता लोकांची नावं छापायचा. धमक्यांमुळे त्याचे संपादक रॉबर्ट कॉक्स यांना १९७९ मध्ये देश सोडावा लागला.

मग लोकशाही आली आणि गप्प बसलेले पेपर एकदम बोलायला लागले. १९८४ च्या सुरुवातीला बेवारस कबरी उकरल्या जात होत्या. पानोपानी हाडं, कवट्या, मृतदेहांचे आकडे. या बातम्यांना पुढे 'भयाचा तमाशा' असं नाव पडलं. कारण हे लोक कोण होते, त्यांना कुणी मारलं, हुकूम कुणाचा होता, हे त्यात फारसं नसायचंच. वाचणारा हादरायचा, पण त्याला कळायचं काहीच नाही.

त्याच वर्षी सरकारी चौकशी आयोगाने ८,९६१ बेपत्ता लोकांची नोंद केली. मानवाधिकार संघटना ३०,००० हा आकडा सांगतात. १९८५ च्या खटल्यात ८३३ जणांनी साक्ष दिली. टीव्ही मुका होता, तेव्हा 'एल दियारिओ देल हुइसिओ' म्हणजे 'खटल्याची रोजनिशी' नावाचं साप्ताहिक निघालं. त्यात साक्षी जशाच्या तशा छापल्या जायच्या. आकड्यांमागची माणसं लोकांना तिथे भेटली.

डिसेंबरमध्ये व्हिदेला आणि मासेरा यांना जन्मठेप झाली. पण १९८६ आणि १९८७ च्या कायद्यांनी पुढचे बहुतेक खटले थांबवले आणि १९९० मध्ये या दोघांना माफीही मिळाली. विषय संपला असं वाटत होतं.

तो पुन्हा उघडला एका मुलाखतीने. मार्च १९९५ मध्ये नौदलाचा माजी अधिकारी आदोल्फो सिलिंगो याने पत्रकार ओरासिओ व्हर्बित्स्की यांना सांगितलं, की गुंगीचं औषध दिलेल्या कैद्यांना विमानातून जिवंत समुद्रात फेकलं जायचं आणि अशा दोन उड्डाणांत तो स्वतः होता. वाचलेले कैदी हे आधीपासून सांगत होते, पण आता करणाराच बोलत होता. पुढच्याच महिन्यात लष्करप्रमुख मार्तिन बाल्सा यांनी टीव्हीवर येऊन लष्कराचे गुन्हे मान्य केले.

एका मुलाखतीने न्याय मिळत नाही. आया, वकील, संघटना लढत राहिल्या. २००५ मध्ये सुप्रीम कोर्टाने ते दोन्ही कायदे घटनाबाह्य ठरवले आणि खटले परत सुरू झाले. २०१७ मध्ये अशा उड्डाणांच्या दोन वैमानिकांना जन्मठेप झाली.

यातून एक गोष्ट दिसते. बंदी उठली की बातमी येते, पण सत्य आपोआप येत नाही. पुढच्या वेळी अंगावर येणारा एखादा फोटो फॉरवर्ड करण्याआधी बघा : त्यात माणसाचं नाव आहे का, आणि हे कुणी केलं ते लिहिलंय का?