कावस लॉर्ड : पडद्यामागचे तालवादक

रायपुरातील आपल्या मराठी घरांतून सी. रामचंद्रांच्या चालींचे प्रेम आजही टिकून आहे. परंतु त्या चालींतील पाश्चात्त्य नृत्यलय ज्यांच्या हातून उमटली, त्या कावस लॉर्ड या पारशी ड्रमवादकाचे नाव क्वचितच कोणाच्या स्मरणात असावे. मुंबईच्या जॅझ वाद्यवृंदांतून आलेल्या या कलावंताने बोंगो, कोंगा यांसारखी लॅटिन अमेरिकी तालवाद्ये हिंदी चित्रपटसंगीतात रुजविली. भगवानदादांच्या १९५१ सालच्या ‘अलबेला’तील ‘शोला जो भडके’ हे गीत, ज्यात बोंगोच्या संगतीला ट्रम्पेट, क्लॅरिनेट आणि सॅक्सोफोन आहेत, ते या दृष्टीने अवश्य ऐकावे. चित्रपटांच्या श्रेयनामावलीत अशा वादकांची नोंद सहसा होत नसे, हा मला घोर अन्याय वाटतो. कावस लॉर्ड यांचे पुत्र केरसी आणि बुजी हेही नामांकित वादक. १९६९ सालच्या ‘आराधना’तील ‘रूप तेरा मस्ताना’मधले अॅकॉर्डियन केरसींचेच.