हात वाळू लागला तर

कोयता निसटून मनगटावर बसला किंवा कडबाकुट्टीत हात सापडला, की आपले लक्ष प्रथम रक्ताकडे जाते. जखम भरली की संकट टळले, असे आपण समजतो. पण महिन्या-दोन महिन्यांनी अंगठ्याजवळचा मांसल भाग खोल जातो, बोटे वाकू लागतात. असे का होते?

रक्तवाहिनीला आपण शीर म्हणतो आणि मज्जातंतूलाही शीरच म्हणतो. परंतु मज्जातंतू म्हणजे मेंदूचा हुकूम स्नायूपर्यंत नेणारी तार होय. ती तुटली की हुकूम थांबतो आणि स्नायू सुकतो. शिवलेला तंतू दिवसाला सुमारे १ मिलिमीटर वाढतो. कोपराशी तुटलेल्या तंतूला ३० सेंटिमीटर वाट चालून पंजात पोहोचायला सुमारे १० महिने लागतात. वर्ष-दीड वर्ष हुकूम न मिळालेला स्नायू मात्र पुढे तंतू आला तरी पुरता सावरत नाही. म्हणून प्रत्येक आठवडा मोलाचा आहे.

अलीकडे यावर पेप्टाइडची इंजेक्शने सुचवली जातात. पेप्टाइड म्हणजे प्रथिनाचा लहान तुकडा. बीपीसी-१५७ नावाच्या पेप्टाइडात १५ अमिनो आम्ले असतात. क्रोएशियातील झाग्रेबच्या संशोधकांनी २०१० मध्ये उंदरांच्या पायाचा मज्जातंतू कापून त्यावर ते वापरले. तंतू लवकर भरून आला, असे त्यांनी नोंदवले. पण उंदराच्या तंतूची वाट काही सेंटिमीटरांचीच. माणसाच्या तुटलेल्या मज्जातंतूवर हा गुण सिद्ध झालेला नाही. २०२२ मध्ये जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेने ते खेळाडूंना वर्ज्य ठरवले. २०२३ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने त्याला जोखमीच्या पदार्थांत घातले. अशा इंजेक्शनासाठी बैल विकू नये, असे आम्हांस वाटते.

मग करावे काय? जखमेवर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरा. चुना, राख भरू नका. बोटाला स्पर्श कळत नसेल किंवा बोट हलत नसेल, तर तसे डॉक्टरांना स्पष्ट सांगा. स्वच्छ कापलेला तंतू पहिल्या काही दिवसांतच शिवून घेणे उत्तम. पुढे डॉक्टर सांगतील तेव्हापासून चांगल्या हाताने दुखऱ्या हाताची बोटे रोज हलवावीत, म्हणजे सांधे आखडत नाहीत. बधिर हात चूल व गरम भांड्यांपासून जपावा; त्याला चटका कळत नाही. आहारात डाळ, अंडी, मासळी असावी.

हे काम धिम्या गतीचे आहे. पण वेळेवर शिवलेला आणि रोज हलवलेला हात पुन्हा विळा धरण्याची आशा बरीच असते.