चहाच्या मळ्यातील भगिनी आणि संडासाचा प्रश्न

पहाटे सार्वजनिक संडासापुढची रांग आटोपली की आमच्या वस्तीत पहिला चहा उकळतो. तो चहा खुडणाऱ्या भगिनींची सोय काय असेल, हे आम्ही कधी विचारत नाही.

केरळातील मुन्नारच्या मळ्यांत राबणाऱ्यांत तामिळनाडूतून आणलेल्या दलित कुटुंबांचे वंशज मोठ्या संख्येने आहेत. ते ‘लयम’ नावाच्या बैठ्या चाळींत राहतात. घर कंपनीचे. नोकरी सुटली की घर सुटते. मग परक्याच्या भिंतीमागे पदरचे पैसे घालून संडास कोण बांधणार?

दुसरी अडचण लाजेची. खुडणी बायका करतात. उतारावर दिवसभर आडोसा नाही. म्हणून त्या पाणी कमी पितात, लघवी रोखतात आणि दुखणे अंगावर काढतात. देखरेख करणारे पुरुष, युनियनचे पुढारीही पुरुष. त्यांच्यापुढे हे बोलायचे कसे?

तिसरी अडचण जातीची. दक्षिणेच्या मळ्यांत झाडूकाम पिढ्यान्‌पिढ्या अरुंधतियार बांधवांच्या माथी मारले गेले. सफाई एकाच जातीची ठरली की संडासाची निगा राखणे इतरांना आपले काम वाटत नाही. तो तुंबतो आणि माणसे पुन्हा झाडीत जातात. दलितांतल्या दलितांची ही उतरंड आपणही कबूल केली पाहिजे.

कायदा नव्हता असे नाही. बाबासाहेब मजूरमंत्री असताना १९४४ साली रेगे समिती नेमली गेली. तिच्या कामातून मळेकामगारांचे हाल सरकारदरबारी नोंदले गेले. १९५१ च्या मळेकामगार कायद्याने स्त्री-पुरुषांसाठी वेगळे, स्वच्छ संडास ठेवण्याची जबाबदारी मालकावर टाकली. पण मागणाराच गप्प असेल तर कायदा कपाटातच राहतो.

ही गप्प राहण्याची सवय सप्टेंबर २०१५ मध्ये मोडली. बोनस कापल्यावर मुन्नारच्या हजारो बायका रस्त्यावर बसल्या. युनियनच्या पुढाऱ्यांना त्यांनी जवळ येऊ दिले नाही. ‘पेंपिळै ओरुमै’, म्हणजे बायकांची एकी, हे त्यांच्या संघटनेचे नाव. नऊ दिवसांनी वीस टक्क्यांची रक्कम मान्य झाली. लयममधली कोंदट घरे आणि संडासाचे हालही त्यांनी साऱ्या देशापुढे मांडले. संडासाचा प्रश्न तेवढ्याने सुटला नाही. पण त्याबद्दल बोलण्याची लाज गेली.

१९२७ साली महाडला बाबासाहेबांनी पाण्याबरोबर माणुसकीचा हक्क मागितला. संडासही त्याच हक्कात येतो. येत्या रविवारी विहारात वंदना झाल्यावर आपण एकमेकांना दोन प्रश्न विचारू. आपल्या वस्तीच्या कमिटीत बायका किती? आणि आपला संडास धुणाऱ्या माणसाचे नाव आपल्याला ठाऊक आहे काय?